कळ, दिवा आणि मत

पाटण म्हटले की मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे कोयनेच्या काठचे, साताऱ्याकडील पाटण उभे राहते. येथे ज्या पाटनविषयी सांगावयाचे आहे ते मात्र नर्मदेच्या खोऱ्यातले. मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याचे एक तहसिलीचे गाव. जबलपूर शहराच्या वायव्येस असलेल्या या मुलखाची ख्याती हिवाळ्यातल्या हिरव्या वाटाण्याबद्दल. मराठी माणसाला हा प्रदेश अगदीच परका नाही. १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ पर्यंत त्यांच्याच अमलाखाली राहिला. पुढे मध्यप्रांतात, आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंतच्या जुन्या मध्य प्रदेशातही, जबलपूरकडचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत असे.

पाटन हा विधानसभेचा एक मतदारसंघ आहे आणि लोकसभेसाठी तो जबलपूरला जोडलेला आहे. मतदानाच्या दिवशी तेथला शेतकरी किंवा शेतमजूर पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो, आपल्या पसंतीचे चिन्ह शोधतो आणि त्यासमोरची निळी कळ दाबतो. कळीशेजारी तांबडा दिवा लागतो, मतदान अधिकाऱ्याच्या मेजावरून एक लांब शिटी ऐकू येते आणि त्याचे काम संपते. बोट आणि दिवा यांच्यामध्ये काय घडले हे त्याला दिसत नाही, आणि पाहू म्हटले तरी पाहता येत नाही. आपले मत तो एका कळीच्या स्वाधीन करतो आणि एका दिव्याच्या शब्दावर विश्वास ठेवून घरी जातो. हा विश्वास कसा घडत गेला, त्याला कोठे तडा गेला आणि तो सांधण्यासाठी काय काय करावे लागले, तो इतिहास अर्धशतकाहून थोडा कमी काळाचा आहे; परंतु यंत्र आणि माणूस यांच्या संबंधावर त्याने जितका प्रकाश टाकला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्रकरणाने टाकला असेल.

प्रारंभी मत ही एक वस्तू होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे आणि मतदाराने हातातली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची, एवढाच विधी होता. अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी नागरिकांसाठी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकीर्दीत ही पद्धत योजिली गेली. त्या निवडणुकीसाठी लागलेल्या पोलादी पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या मुंबईजवळ विक्रोळी येथे गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. १९५७ मध्येही हीच पद्धत राहिली. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर छापून त्यांवर शिक्का उमटविण्याची रीत रूढ झाली.

कागदाचा मोठा गुण हा की तो हातात धरता येतो आणि पुन्हा मोजता येतो. त्याचे दोषही तितकेच ठळक होते. दोन रकान्यांच्या मधोमध पडलेल्या शिक्क्यांमुळे हजारो मते बाद होत. मोजणी कित्येक तास, प्रसंगी दिवसरात्र चाले. सर्वांत वाईट गोष्ट अशी की, एखाद्या केंद्राचा ताबा घेऊन मतपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे काही मिनिटांत शिक्के मारून पेटीत कोंबता येत. हा दोष दूर करण्यासाठी अशी पेटी हवी होती की जी स्वतः मोजील, आणि घाईला नकार देईल.

अशी पेटी शक्य झाली ती एका लहानशा वस्तूमुळे. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील इंटेल कंपनीने ४००४ या नावाचा सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आणला. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी तो मुळात रचला गेला होता. १९७४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने टीएमएस १००० ही चकती विकावयास काढली. तिच्यात गणित करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याच्या वाटा हे सारे एकत्र होते. यालाच मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. त्याच्या कडेने धातूच्या बारीक पिना असतात. काही पिनांनी तो बाहेरचे ऐकतो, काहींनी बाहेर सांगतो. आत त्याने कितीही अचूक गणित केले तरी माणसाचा हेतू त्याच्यापर्यंत पोहोचतो तो कळीच्या पिनेतून, आणि त्याचे उत्तर माणसाला मिळते ते दिव्याच्या पिनेतून.

पिना मोजक्या असतात, ही अभियंत्यांची पहिली अडचण. सोळा कळा असतील आणि प्रत्येकीला स्वतंत्र पिन द्यावयाची असेल, तर सोळा पिना तेथेच खर्च होतात. यावरचा तोडगा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. चार आडव्या आणि चार उभ्या तारा घ्याव्यात आणि जेथे त्या एकमेकींना ओलांडतात अशा सोळा ठिकाणी एकेक कळ बसवावी. सूक्ष्मनियंत्रक एका वेळी एकाच आडव्या तारेला जागे करतो आणि चारही उभ्या तारांकडे पाहतो; मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. दुसऱ्या आडव्या तारेच्या पाळीला तिसऱ्या उभ्या तारेवर संकेत उमटला, तर दाबलेली कळ कोणती याबद्दल संशय उरत नाही. अशा रीतीने सोळा कळांचे काम आठ पिनांवर भागते. फेऱ्या इतक्या वेगाने होतात की माणसाचे बोट कळीवर असेपर्यंत नियंत्रकाने तिची अनेकवार विचारपूस केलेली असते. रांग आणि स्तंभ यांच्या जोडीने कळ ओळखण्याची ही कल्पना चकतीपेक्षाही जुनी आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने कळांचा टेलिफोन आणला, तेव्हा प्रत्येक कळ दाबताच दोन स्वर उमटत. एक तिच्या रांगेचा, दुसरा तिच्या स्तंभाचा.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती, आणि मतदानाच्या दृष्टीने अधिक गंभीर. कळ दाबल्यावर आतली धातूची दोन टोके एकदाच चिकटून स्वस्थ बसत नाहीत. जमिनीवर टाकलेला चेंडू जसा काही वेळ उसळत राहतो, तशी ती टोके काही सहस्रांश सेकंद एकमेकांवर आदळून सुटत राहतात. माणसाला ती एक दाब वाटते. सूक्ष्मनियंत्रकाला मात्र दहा-वीस वेगवेगळ्या दाबा दिसू शकतात. गणनयंत्रात यामुळे पाचाऐवजी पंचावन्न उमटले तर माणूस ते पुसून पुन्हा लिहील. मताच्या बाबतीत पुसण्याची सोयच नाही. म्हणून पहिला संकेत येताच नियंत्रकाने थोडे थांबावे, पुन्हा पाहावे, आणि संकेत तसाच टिकून असेल तरच तो खरा मानावा, असा नियम त्याच्या कार्यक्रमात लिहून ठेवतात. उतावीळ साक्षीदाराच्या पहिल्या शब्दावर न्यायाधीश निकाल देत नाही, त्यातलाच हा प्रकार.

उत्तर देणाऱ्या दिव्यांची गोष्टही अशीच. आकडा दाखविण्यासाठी सात लहान प्रकाशरेषा वापरतात. त्यांतल्या योग्य त्या उजळल्या की शून्यापासून नवापर्यंत कोणताही अंक दिसतो. सहा अंकी संख्या दाखवावयाची तर बेचाळीस रेषा झाल्या. तेवढ्या पिना कोठून आणावयाच्या? येथे अभियंत्यांनी मानवी डोळ्याच्या मंदपणाचा उपयोग करून घेतला. सातही रेषांच्या तारा सर्व अंकांना सामाईक ठेवावयाच्या आणि एका क्षणी एकच अंक पेटवावयाचा. लगेच तो विझवून पुढचा. तेरा पिनांत काम होते, आणि डोळ्याला सहाही अंक एकदमच उजळल्यासारखे वाटतात. पाहणाऱ्याने हे विसरू नये की दर्शकावर दिसणारा आकडा म्हणजे स्मृतीत साठविलेली संख्या नव्हे. ती संख्या तारांवरून वाहून आणून पुन्हा रंगविलेली असते. या साध्या वस्तुस्थितीला पुढे फार महत्त्व आले.

भारतात विजेवर चालणाऱ्या मतदान यंत्राचा विचार निवडणूक आयोगाने १९७७ मध्ये सुरू केला. तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्तपदी श्यामलाल शकधर होते. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीकडे रचनेचे काम सोपविण्यात आले. १९७९ मध्ये तिने नमुना सिद्ध केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींपुढे चालवून दाखविण्यात आला. पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनीही या कामात सहभागी झाली. १९ मे १९८२ रोजी केरळच्या विधानसभा निवडणुकीत परूर मतदारसंघातील पन्नास केंद्रांवर मतदारांनी प्रथम कागदाऐवजी कळीने मत दिले.

परूरची निवडणूक न्यायालयात गेली. शिवन पिल्लै हे १२३ मतांनी निवडून आले होते आणि पराभूत उमेदवार ए. सी. जोस यांनी निकालाला आव्हान दिले होते. मार्च १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कायद्यात मतपत्रिका आणि मतपेटी यांचाच उल्लेख असताना आयोगाला स्वतःच्या अधिकारात यंत्र आणता येणार नाही. त्या पन्नास केंद्रांवर कागदाने फेरमतदान झाले आणि जोस विजयी झाले. यंत्राने चूक केली असे कोणी सिद्ध केले नव्हते. प्रश्न होता तो त्याला अधिकार कोणी दिला, हा. संसदेने डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घातले, ते १५ मार्च १९८९ पासून अमलात आले, आणि कळीला कायद्याचे बळ मिळाले.

आज देशाला परिचित असलेले या यंत्राचे बाह्यरूप मुंबईत पवई येथील आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात घडले. ए. जी. राव आणि रवी पूवय्या या तेथील प्राध्यापकांचा त्या कामात प्रमुख वाटा होता. विक्रोळीच्या पोलादी पेटीचा कारखाना आणि पवईचे हे केंद्र यांत फारसे अंतर नाही. मुंबईच्या एकाच कोपऱ्याने देशाला मतपेटीची दोन रूपे दिली, असे म्हणण्यास हरकत नाही. सोळा कळा उभ्या रांगेत, प्रत्येकीसमोर उमेदवाराचे नाव व चिन्ह, आणि शेजारी लहान दिवा, ही मांडणी छापील मतपत्रिकेलाच धरून होती. अंगठा उठविणाऱ्या मतदाराला यंत्र शिकावे लागू नये, तर ओळखीचे वाटावे, हा तिचा हेतू.

यंत्राचे दोन भाग असतात. मतदारापुढे असते ते बॅलेट युनिट, आणि मतदान अधिकाऱ्याच्या मेजावर असते ते कंट्रोल युनिट. पाच मीटर लांबीच्या तारेने ते जोडलेले असतात. वीज नसलेल्या खेड्यातही काम अडू नये म्हणून ते बॅटरीवर चालते. अधिकाऱ्याने आपल्याकडची ‘बॅलेट’ ही कळ दाबल्याशिवाय मतदाराच्या कळा जाग्या होत नाहीत. एक कळ दाबली जाताच मत नोंदले जाते आणि सर्व कळा पुन्हा निद्रिस्त होतात. त्यानंतर तीच कळ दहा वेळा दाबली किंवा दुसरी दाबली, तरी यंत्र दाद देत नाही. धातूच्या टोकांच्या उसळीला जसा लगाम घातला होता, तसाच हा माणसाच्या उसळीला. शिवाय जुन्या यंत्रात मिनिटाला पाचांहून अधिक मते नोंदता येत नसत. केंद्र बळकाविणाऱ्याला एका मिनिटात गठ्ठा संपविण्याची सोय उरली नाही. आणि अधिकाऱ्याने ‘क्लोज’ ही कळ दाबली की मतदानच बंद.

नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली येथील मिळून सोळा विधानसभा मतदारसंघांत हे यंत्र वापरण्यात आले. त्यांपैकी पाच मध्य प्रदेशातील होते. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व ५४३ मतदारसंघांत सुमारे पावणेअकरा लाख यंत्रे मांडली गेली. त्या निवडणुकीपासून पाटनच्या मतदाराचेही लोकसभेचे मत कळीवरच दिले जाते.

यश जसे पसरले तशा शंकाही वाढल्या, आणि त्या बहुतेक सांध्यांविषयीच होत्या. पाच मीटरच्या त्या तारेवरून जाणारा संकेत कोणी मध्येच बदलला तर? २००६ मध्ये प्राध्यापक पी. व्ही. इंदिरेसन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या शिफारशींनंतर या सांध्याची रचना सुधारण्यात आली. प्रत्येक कळीचा संकेत नेहमी एकाच सांकेतिक रूपात न पाठविता बदलत्या रूपात पाठविण्याची आणि प्रत्येक दाबेची वेळ नोंदण्याची व्यवस्था झाली. एकदा ऐकलेला संकेत पुन्हा वाजवून फसविण्याची वाट त्यामुळे बंद व्हावी, हा उद्देश होता.

२०१० मध्ये आघात झाला तो दुसऱ्या सांध्यावर, म्हणजे दर्शकावर. हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जे. अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलंड्सचे रॉप खॉन्ग्राइप यांनी सहकाऱ्यांसह एका प्रत्यक्ष यंत्राचा अभ्यास करून निबंध प्रसिद्ध केला. आकडे दाखविणारी पट्टी काढून हुबेहूब तशीच दुसरी पट्टी बसविता येईल, आणि तिच्याखाली लपविलेला सूक्ष्मनियंत्रक खऱ्या बेरजेऐवजी खोटी बेरीज दाखवू शकेल, असे त्यांनी करून दाखविले. स्मृतीतली मते जशीच्या तशी राहतात. बदलतो तो फक्त ती वाचून दाखविणारा. निवडणूक आयोगाने आक्षेप मान्य केले नाहीत. यंत्रे मोहोरबंद असतात, पहाऱ्यात असतात, कोणते यंत्र कोठे जाईल हे चिठ्ठीसारखे यदृच्छेने ठरते आणि उमेदवारांचे प्रतिनिधी प्रत्येक पायरीवर हजर असतात, तेव्हा असा बदल व्यवहारात शक्य नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. ज्या यंत्रावर प्रयोग झाला ते कोठून आले, या चौकशीत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हरी प्रसाद यांना अटकही झाली.

दोन्ही बाजूंचे म्हणणे शांतपणे तोलले असता एक गोष्ट लक्षात येते. संशोधक बोलत होते ते तारा आणि पिना यांविषयी. आयोग बोलत होता तो मोहोर आणि पहारा यांविषयी. पहिल्यांचा आक्षेप यंत्रशास्त्राच्या भाषेत होता, दुसऱ्यांचे उत्तर व्यवस्थेच्या भाषेत. मतदाराला मात्र दोन्ही भाषा येत नव्हत्या. आपल्या बोटाची आणि शेवटच्या बेरजेची गाठ बांधणारा, आपल्याला कळेल असा एखादा पुरावा त्याला हवा होता.

तो पुरावा अखेर कागदाच्याच रूपाने परत आला. कळ दाबल्यावर एक लहान छापयंत्र उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी छापते. काचेआडून ती सुमारे सात सेकंद दिसते आणि मग मोहोरबंद पेटीत गळून पडते. व्हीव्हीपॅट नावाची ही योजना सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन मतदारसंघात प्रथम वापरली गेली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती टप्प्याटप्प्याने सर्वत्र आणण्यास सांगितले आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर पोहोचली. त्याच वर्षी ८ एप्रिलला न्यायालयाने प्रत्येक विधानसभा विभागातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या बेरजेशी ताडून पाहण्याचा आदेश दिला. सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने नाकारली. परंतु निकालानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केल्यास पाच टक्के यंत्रांतील सूक्ष्मनियंत्रकांची तपासणी निर्मात्या कंपन्यांच्या अभियंत्यांकडून व्हावी, असेही सांगितले. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने एका इवल्याशा चकतीच्या तपासणीचा विधी ठरवून द्यावा, ही घटना साधी नव्हे.

जबलपूर मतदारसंघात, अर्थात पाटनमध्येही, १९ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले. अशा दिवशी खरे मतदान सुरू होण्यापूर्वी प्रत्येक केंद्रावर एक छोटा विधी असतो. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष निदान पन्नास चाचणी मते दिली जातात. एकेक कळ दाबून तिच्यासमोरचाच दिवा लागतो की नाही हे पाहिले जाते. दर्शकावरचे आकडे आणि छापलेल्या चिठ्ठ्या मोजून ताडल्या जातात. मग सारे पुसून, दर्शकावर शून्य दाखवून, यंत्र मोहोरबंद होते. संध्याकाळी ‘क्लोज’ दाबल्यावर एकूण मतांचा आकडा कागदावर लिहून त्याची प्रत प्रतिनिधींच्या हाती दिली जाते, आणि मोजणीच्या दिवशी तोच आकडा पुन्हा दिसला पाहिजे.

त्या प्रतिनिधींपैकी कोणी शिक्षक असतो, कोणी दुकानदार, कोणी वाटाण्याचे पीक काढून आलेला शेतकरी. रांगा आणि स्तंभ, टोकांची उसळी, डोळ्याला चकविणारे अंक यांची त्यांना वार्ताही नसेल. तरीही कळ आणि दिवा यांची गाठ खरी आहे का, हे तपासण्याचे काम लोकशाहीने पहाटेच्या वेळी त्यांच्याच हाती दिलेले आहे. मतदार येण्यापूर्वी तो तास दीड तास जे केंद्र मनापासून पाळते, तेथे दिव्याच्या शब्दाला वजन असते. आणि जेथे तो उरकला जातो, तेथे कितीही उत्तम चकती बसविली तरी ती उणीव भरून निघत नाही.